वाण, गुण आणि लक्षण : आनुवंशिकतेच्या प्रौढशिक्षणाचा इतिहास

१. प्रास्ताविक

मराठीत 'खाण तशी माती' ही म्हण आहे आणि 'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला' हीही आहे. पहिलीच्या मते अपत्य हे मूळ द्रव्याचाच अंश असल्याने त्याहून निराळे निघणे शक्य नाही. दुसरी अधिक सावध आहे. गोठ्यात शेजारी बांधलेल्या बैलाचा रंग आपल्या बैलास लागत नाही, खोड मात्र लागते, असे ती सांगते. येथे 'वाण' म्हणजे वर्ण, जन्माबरोबर आलेला. 'गुण' म्हणजे सहवासाने जडलेला. बोलणारा प्रसंग पाहून या दोहोंपैकी एक म्हण निवडतो. मुलगा बापाच्या वळणावर गेला की पहिली, संगतीने बिघडला की दुसरी. परंतु कोणत्या प्रसंगी कोणती लावणे न्याय्य आहे, हे ठरविण्याचे साधन म्हणींपाशी नसते. ते साधन पुरविणे हेच आनुवंशिकतेच्या शिक्षणाचे कार्य होय.

हे शिक्षण शाळकरी मुलांस देणे आणि प्रौढांस देणे यांत मोठे अंतर आहे. मुलास वाटाण्याच्या रोपांचे कोष्टक पाठ करावयाचे असते. प्रौढ मनुष्य मात्र कोणाचा तरी पुत्र आणि बहुधा कोणाचा तरी पिता असतो. सोयरीक जुळविताना त्याने घराणे पाहिलेले असते, घरातील एखाद्या आजाराचा बोल सुनेच्या माहेरास लावलेला असतो, आपल्या मुलाच्या यशापयशाचा अर्थ मनाशी ठरविलेला असतो. त्यास जे शिकवावे ते त्याच दिवशी व्यवहारात उतरू शकते. म्हणूनच या शिक्षणात झालेल्या चुकांची किंमत परीक्षेतील गुणांत मोजता येत नाही. ती माणसांनी भोगलेली आहे.

प्रस्तुत लेखात या शिक्षणाचा सुमारे १८८४ पासूनचा इतिहास थोडक्यात पाहावयाचा आहे. लेखक भाषेचा अभ्यासक आहे, जीवशास्त्राचा नव्हे. तेव्हा त्याची दृष्टी साहजिकच शब्दांकडे वळेल. तथापि या इतिहासातील सर्वांत मोठी चूक ही मुळात शब्दाविषयीचीच चूक होती, असे त्यास वाटते. एखाद्या आचरणास भाषेत एक नाव आहे, एवढ्यावरून त्या नावाला जुळणारी एक वस्तू बीजातही असलीच पाहिजे, असे मानले गेले. पुढील विवेचनाचा रोख हे दाखविण्याकडे आहे.

२. गॉल्टनची कुटुंबवही

'नेचर' आणि 'नर्चर' ही इंग्रजीतील सानुप्रास जोडी शास्त्रीय चर्चेत रूढ केली ती फ्रान्सिस गॉल्टन याने, १८७४ साली इंग्लंडमधील शास्त्रज्ञांविषयी लिहिलेल्या ग्रंथात. त्याच्या आधी १८६९ मध्ये त्याने प्रतिभा ही वंशपरंपरेने येते असे प्रतिपादन केले होते, आणि १८८३ मध्ये 'युजेनिक्स' हा शब्द घडविला होता. मराठीत पुढे त्यास 'सुप्रजाजननशास्त्र' असे भारदस्त नाव मिळाले.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे वर्ष १८८४ हे होय. त्या वर्षी गॉल्टनने दोन गोष्टी केल्या. लंडनमधील साऊथ केन्सिंग्टन येथील आरोग्य-प्रदर्शनात त्याने एक मापनशाळा उघडली. तीन पेन्स देऊन कोणीही आत जावे आणि आपली उंची, वजन, दृष्टी, मुठीची शक्ती इत्यादी मोजून घ्यावी, अशी तेथील योजना होती. एकंदर ९,३३७ माणसांची मापे तेथे घेण्यात आली. दुसरी गोष्ट म्हणजे त्याने घरोघरी भरावयाची एक वही छापली. तीत कुटुंबातील पूर्वजांची उंची, केसांचा रंग, आजार, मृत्यूचे कारण यांबरोबरच स्वभाव आणि कलागुण यांचीही नोंद करावयाची होती. उत्तम रीतीने भरलेल्या वह्यांसाठी त्याने ५०० पौंडांची बक्षिसे ठेवली. सामान्य गृहस्थास आपल्याच कुटुंबाकडे अभ्यासविषय म्हणून पाहावयास लावणारा हा पहिला मोठा प्रयत्न म्हणावयास हरकत नाही.

या सामग्रीतून निघालेले फळ अस्सल होते. १८८६ मध्ये त्याने २०५ जोडप्यांच्या आणि त्यांच्या ९२८ प्रौढ अपत्यांच्या उंचीची तुलना प्रसिद्ध केली. उंच आईबापांची मुले उंच असतात, पण सरासरीपासून त्यांचे अंतर आईबापांच्या अंतराच्या सुमारे दोन-तृतीयांशच असते, हे त्याने दाखविले. संख्याशास्त्रातील एक मूलभूत कल्पना येथून पुढे आली.

हे यश उंचीच्या बाबतीत मिळाले, यात आश्चर्य नाही. उंची पट्टीने मोजता येते. बापाची उंची आणि मुलाची उंची या एकाच जातीच्या राशी आहेत. परंतु त्याच वहीत 'स्वभाव' हाही रकाना होता. आजोबा 'तापट' आणि नातू 'तापट' अशी नोंद झाली, तरी ती दोन माणसांची दोन मापे नसतात. नोंद करणाऱ्याने एकच विशेषण दोनदा वापरले, एवढेच त्यावरून सिद्ध होते. मोजलेली राशी आणि लावलेले विशेषण यांची एकाच वहीत झालेली ही सरमिसळ पुढील अनर्थाचे बीज ठरली.

३. लक्षणांचा कोश आणि जत्रेतील पदके

१९०० साली मेंडेलच्या १८६६ मधील विस्मृत निबंधाचा पुन्हा शोध लागला. वाटाण्याच्या बियांचा गुळगुळीतपणा वा सुरकुतलेपणा ज्या ठराविक प्रमाणात पिढ्यांतून प्रकट होतो, ते प्रमाण आता माणसांत शोधण्याचा उत्साह सर्वत्र पसरला. अमेरिकेत चार्ल्स डॅव्हनपोर्ट याने १९१० मध्ये न्यूयॉर्कजवळील कोल्ड स्प्रिंग हार्बर येथे युजेनिक्स रेकॉर्ड ऑफिस स्थापिले. हॅरी लॉफलिन हा त्याचा अधीक्षक झाला. कुटुंबांनी भरून पाठवावयाचे छापील तक्ते, क्षेत्रकार्यासाठी तयार केलेल्या, बहुसंख्येने स्त्रिया असलेल्या, कार्यकर्त्या आणि त्यांनी गोळा केलेल्या वंशावळी यांचा तेथे प्रचंड संग्रह झाला.

या कचेरीने १९१२ मध्ये प्रसिद्ध केलेले 'ट्रेट बुक' भाषेच्या अभ्यासकाने आवर्जून पाहावे असे आहे. मानवी लक्षणांचा तो एक क्रमांकित कोश होता. ग्रंथालयात पुस्तकांस देतात तसे आकडे येथे माणसाच्या गुणांस दिले होते. बुद्धिबळ खेळण्याच्या कौशल्याचा क्रमांक ४५९८ असा होता: पहिला अंक मानसिक लक्षणांचा, पुढचा सर्वसाधारण बुद्धीचा, नंतरचा खेळांचा आणि अखेरचा बुद्धिबळाचा. कोशकारास यातील गोम चटकन कळेल. कोशात नोंद शब्दाची होते. समाजाने ज्या गोष्टीस नाव दिले ती नोंदली जाते, ज्यास दिले नाही ती राहून जाते. बुद्धिबळ ज्या देशात खेळत नाहीत तेथील कोशात ४५९८ हा आकडा असणारच नाही. पण म्हणून तेथील माणसांच्या बीजात काही कमी आहे असे कोण म्हणेल?

शब्दास वस्तू मानल्यावर तर्क कोठवर जातो, याचे उदाहरण डॅव्हनपोर्टच्याच १९१९ च्या ग्रंथात सापडते. आरमारी अधिकाऱ्यांच्या वंशावळी तपासून समुद्राची ओढ हे एक आनुवंशिक लक्षण आहे आणि ते लिंगसंबद्ध असून अप्रभावी आहे, असा निष्कर्ष त्याने काढला. कारण ते घराण्यातील पुरुषांतच दिसत होते. त्या काळी आरमारात अधिकारी म्हणून स्त्रियांस घेतच नसत, ही बाब त्याच्या गणितात आली नाही.

हे उदाहरण हास्यास्पद असले तरी निरुपद्रवी आहे. पेलाग्रा या रोगाचे तसे नाही. अमेरिकेच्या दक्षिण भागातील गरीब, मुख्यतः मक्यावर राहणाऱ्या लोकांत हा रोग पसरला होता. कातडी भाजल्यासारखी होणे, अतिसार आणि बुद्धिभ्रंश ही त्याची लक्षणे. तो काही कुटुंबांत पिढ्यानपिढ्या दिसतो, असे पाहून डॅव्हनपोर्टने १९१६ मध्ये त्याच्या मुळाशी आनुवंशिक घटक असल्याचे प्रतिपादिले. त्याच सुमारास जोसेफ गोल्डबर्गर या डॉक्टराने मिसिसिपीतील एका तुरुंगशेतीवर स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांस दक्षिणेतील गरिबांचे अन्न देऊन हा रोग उत्पन्न करून दाखविला होता. १९३७ मध्ये कॉन्राड एल्व्हेयेम याने निकोटिनिक आम्लाच्या अभावाशी त्याचा संबंध जोडल्यावर वादास जागाच उरली नाही. कुटुंबात जनुके वारशाने येतात, तशी गरिबीही येते आणि चुलीवर शिजणारे अन्नही येते. वंशावळीचा तक्ता या तिन्ही वारशांत भेद करू शकत नाही. दख्खनच्या पठारावर ज्वारीवर राहणाऱ्या गरीब लोकांतही पेलाग्रा आढळतो, सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या सुमारास हैदराबादेत त्याची आहारविषयक कारणे अभ्यासली, ही गोष्ट आपल्या वाचकांनी येथे आठवावी.

या विचारास सामान्य प्रौढांपर्यंत नेण्याचे कार्य जत्रांनी केले. १९२० मध्ये कॅन्सस राज्यातील टोपिका येथील जत्रेत 'फिटर फॅमिलीज' नावाची स्पर्धा भरली. गुरांच्या प्रदर्शनास जसे उत्तम वळू आणतात तशी सबंध कुटुंबे येथे येत, डॉक्टर, दंतवैद्य आणि मानसशास्त्रज्ञ त्यांची तपासणी करीत, श्रेणी देत, वरची श्रेणी मिळविणाऱ्यांस पदक मिळे. पुढे ही स्पर्धा इतर राज्यांतही पसरली. अशा प्रदर्शनांत पेंढा भरलेले काळेपांढरे गिनीपिग फळ्यावर मांडून मेंडेलचा नियम समजावीत. तो पाठ शास्त्रदृष्ट्या बिनचूक होता. पण त्याच्या शेजारच्याच फलकावर मंदबुद्धी, गुन्हेगारी, दारिद्र्य ही 'लक्षणे' त्याच नियमाने उतरतात असे सांगितलेले असे. केसांच्या रंगावरून दारिद्र्यावर झालेली ही उडी श्रोत्यास जाणवत नसे, कारण दोहोंस 'लक्षण' हा एकच शब्द लाविला होता.

या शिक्षणाचे पर्यवसान न्यायालयात झाले. व्हर्जिनिया राज्याने १९२४ मध्ये सक्तीच्या निर्बीजीकरणाचा कायदा केला. कॅरी बक या तरुणीच्या खटल्यात २ मे १९२७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मताने तो वैध ठरविला. आई, मुलगी आणि नात अशा तीन पिढ्या मंदबुद्धी आहेत, असे न्यायालयापुढे मांडले गेले. लॉफलिनने कॅरीस न पाहताच आपली साक्ष लिहून दिली होती. नात त्या वेळी अवघी काही महिन्यांची होती. तिच्याकडे पाहून एका कार्यकर्तीस ती 'जराशी वेगळी' वाटली, एवढाच तिसऱ्या पिढीचा पुरावा. तीच मुलगी पुढे शाळेत जाऊन १९३१ मध्ये गुणवंतांच्या यादीत आली आणि १९३२ मध्ये आठव्या वर्षी आजाराने वारली. कॅरीस अविवाहित अवस्थेत मूल झाले ते तिच्यावर झालेल्या बलात्कारातून. 'मंदबुद्धी' या एका शब्दाने गरिबी, अपुरे शिक्षण आणि सामाजिक कलंक या तीन निराळ्या गोष्टी झाकून टाकल्या होत्या. विसाव्या शतकात अमेरिकेत अशा कायद्यांखाली साठ हजारांहून अधिक माणसांचे निर्बीजीकरण झाले. कोल्ड स्प्रिंग हार्बर येथील ती कचेरी १९३९ च्या अखेरीस बंद पडली. व्हर्जिनियातील कायदा मात्र १९७४ पर्यंत टिकला.

४. प्रश्नाची फेरमांडणी

या विचारपद्धतीस छेद देणारी साधने त्याच काळात तयार होत होती. डॅनिश शास्त्रज्ञ विल्हेल्म योहान्सन याने १९०३ मध्ये घेवड्यावरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. एकाच बीपासून स्वपरागणाने निघालेल्या शुद्ध वाणातही काही बिया मोठ्या, काही लहान असतात. पण मोठी पेरा की लहान, पुढील पिकाची सरासरी तीच येते. बीचे दिसणारे वजन आणि तिची आतील घडण या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे यावरून सिद्ध झाले. १९०९ मध्ये त्याने या दोहोंस दोन वेगळी नावे दिली आणि त्याच वेळी 'जीन' हा छोटा शब्दही घडविला. एक अव्याकृत गणनेचे एकक एवढ्याच अर्थाने त्याने तो योजिला होता, हे ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

ही शास्त्रीय सावधगिरी प्रौढशिक्षणात आणण्याचे श्रेय विशेषेकरून दोन इंग्रज जीवशास्त्रज्ञांस द्यावे लागेल. लॅन्सलॉट हॉगबेन याने १९३३ मध्ये निसर्ग आणि संगोपन यांवरील व्याख्याने ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली आणि १९३८ मध्ये स्वतःच्या बळावर शिकू पाहणाऱ्या नागरिकांसाठी विज्ञानाचा एक जाडजूड ग्रंथ लिहिला. जे. बी. एस. हॉल्डेन याने १९३८ मध्येच आनुवंशिकता आणि राजकारण यांवर पुस्तक लिहिले व एका कामगारवर्गीय दैनिकात वर्षानुवर्षे विज्ञानविषयक लेख लिहिले. हेच हॉल्डेन १९५७ मध्ये भारतात आले, कोलकात्यास व नंतर भुवनेश्वरास राहिले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथेच निधन पावले.

या दोघांच्या प्रतिपादनाचे सार असे सांगता येईल. एखाद्या माणसाचा अमुक गुण किती टक्के वंशाचा आणि किती टक्के परिस्थितीचा, हा प्रश्नच सदोष आहे. शेतातील पीक किती टक्के बियाण्याचे आणि किती टक्के पावसाचे, असे कोणताही शेतकरी विचारीत नाही. बियाणे नसेल तर पीक शून्य, पाऊस नसेल तरीही शून्य. विचारता येतो तो प्रश्न फरकाविषयीचा. या दोन शेतांच्या उत्पन्नात जो फरक पडला तो बियाण्यांतील फरकामुळे की पाण्यातील फरकामुळे? आणि याचेही उत्तर त्या दोन शेतांपुरतेच असते. एकाच वयाच्या, सारख्या पोसलेल्या मुलांत उंचीचा फरक बव्हंशी जनुकांमुळे असू शकतो. तरीही दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी मुलांची सरासरी उंची आहारसुधारणेबरोबर वाढली, हेही तितकेच खरे. दोन विधानांत विरोध नाही. दोन फरक निराळे आहेत.

या मांडणीचे सर्वांत बोलके उदाहरण वैद्यकातून मिळाले. १९३४ मध्ये नॉर्वेतील एका मातेच्या आग्रहावरून आस्ब्योर्न फ्योलिंग याने तिच्या दोन मतिमंद मुलांच्या लघवीची तपासणी केली आणि फिनाइलकीटोन्यूरिया हा विकार शोधून काढला. हा विकार मेंडेलच्या नियमाने काटेकोर उतरतो. अन्नातील एक घटक शरीरास पचविता येत नाही आणि तो साचून मेंदूस इजा होते. १९५३ मध्ये होर्स्ट बिकेल व त्याच्या सहकाऱ्यांनी बर्मिंगहॅम येथे तो घटक कमी असलेला आहार देऊन सुधारणा घडवून दाखविली. पुढे जन्मतःच रक्ताची तपासणी करून आहार बदलल्यास मूल नीट वाढते, हे सर्वमान्य झाले. कारण संपूर्णपणे आनुवंशिक, उपाय संपूर्णपणे परिस्थितीतील. 'आनुवंशिक म्हणजे अटळ' या समजुतीचे याहून स्पष्ट खंडन शोधून सापडणार नाही.

५. मराठी मुलखातील भूमी

आता आपल्या भाषेकडे वळू. बीज आणि क्षेत्र यांत श्रेष्ठ कोण, हा वाद मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात आहे आणि तेथील कौल बीजाच्या बाजूने झुकतो. म्हणजे अपत्याच्या गुणांचे श्रेय पुरुषास. अपत्य न झाल्यास दोष मात्र क्षेत्रास, असा व्यवहार रूढ होण्यास वाट मोकळी राहिली. चरकसंहितेच्या शारीरस्थानातील विचार याहून पुष्कळ सूक्ष्म आहे. गर्भाचे काही भाव मातेकडून, काही पित्याकडून, काही आहाररसातून येतात असे तेथे सांगितले आहे. अंधाचे मूल अंध का होत नाही, या शंकेस त्या अवयवाचा बीजभाग बिघडला असेल तरच विकार उतरतो, असे उत्तर दिले आहे. ही आधुनिक आनुवंशिकी नव्हे, तसे भासविणेही योग्य नाही. तथापि दिसणारे शरीर आणि बीजातील अंश यांत भेद करण्याची गरज तेथे जाणवलेली आहे.

विसाव्या शतकात सुप्रजाजननाची चर्चा मराठीतही झाली. र. धों. कर्वे यांचे 'समाजस्वास्थ्य' मासिक १९२७ ते १९५३ पर्यंत चालले. प्रौढ वाचकांस प्रजननाविषयी उघडपणे शिकविणारे ते मराठीतील सर्वांत निर्भय साधन होते. दुसरीकडे जातिसंस्थेचे समर्थन करताना काही विद्वान सुप्रजाजननाचा आधार घेऊ लागले. १९३६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी जातिनिर्मूलनाविषयीच्या आपल्या भाषणात या समर्थनाचा परामर्श घेतला. जाती म्हणजे निराळे वंश असे गृहीत धरले तरी एकाच जातीच्या पोटजातींत विवाहबंदी कशासाठी, आणि रक्त शुद्ध राखणे हा हेतू असेल तर सहभोजनास बंदी का, या आशयाचे त्यांचे प्रश्न होते. आनुवंशिकतेच्या शास्त्राचा त्यांनी अव्हेर केला नाही. शास्त्राच्या नावाने केलेला युक्तिवाद शास्त्राच्याच कसोटीवर घासून पाहिला. इरावतीबाई कर्वे यांनीही १९३० मध्ये बर्लिनमध्ये, युजेनिक्सचा पुरस्कर्ता ऑयगेन फिशर याच्या हाताखाली, कवटीच्या असममितीवर प्रबंध लिहिला. त्यांच्या मापांत मानववंशांच्या श्रेष्ठकनिष्ठतेस आधार मिळाला नाही. मापनाने विशेषणावर मिळविलेला हा विजय होय.

परिभाषेचा प्रश्नही येथेच उपस्थित होतो. १८८८ मध्ये घडविलेल्या 'क्रोमोसोम' या शब्दाचा अर्थ 'रंगीत काया' एवढाच. सूक्ष्मदर्शकाखाली रंग धरते म्हणून ते नाव. मराठीत त्यास 'रंगसूत्र' आणि 'गुणसूत्र' असे दोन प्रतिशब्द झाले आणि दुसरा टिकला. 'गुणसूत्र' या शब्दात एक सिद्धान्त दडलेला आहे: गुण हे तयार मण्यांसारखे दोऱ्यात ओवलेले असतात. प्रौढ विद्यार्थी तो शब्द ऐकतो तेव्हा त्यास हेच चित्र दिसते. त्या मानाने 'जनुक' हा शब्द निर्दोष आहे. तो काही जनन करणारा आहे, एवढेच सांगतो. आणि 'रक्त' या शब्दाविषयी तर बोलावयासच नको. रक्ताचे नाते, रक्तातच असणे, या प्रयोगांत दोन द्रवांच्या मिसळीची कल्पना आहे. दूध आणि पाणी एकदा मिसळले की वेगळे होत नाहीत. मेंडेलचे घटक मात्र न मिसळता राहतात आणि पुढील पिढीत पुन्हा सुटे होतात. प्रौढांच्या वर्गातील पहिला पाठ या एका फरकाचा असावा.

६. सिकलसेल : आजचा पाठ

वरील चर्चा केवळ ऐतिहासिक नाही. विदर्भात सिकलसेलचे अस्तित्व १९५८ मध्ये वैद्यकीय नियतकालिकांतून नोंदले गेले. त्याआधी १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासींत ते आढळले होते. १ जुलै २०२३ रोजी मध्यप्रदेशातील शहडोल येथून केंद्र शासनाने सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. बाधित क्षेत्रांतील चाळीस वर्षांपर्यंतच्या सुमारे सात कोटी लोकांची तपासणी हे तिचे घोषित लक्ष्य आणि २०४७ ही मुदत. गडचिरोलीपासून नंदुरबारपर्यंतच्या गावांत असंख्य प्रौढांच्या हाती आपल्या जनुकांविषयीचे एक पत्रक येत आहे. कॅन्ससच्या जत्रेनंतर कुटुंबलक्षणांचे एवढे विस्तृत शिक्षण क्वचितच घडले असेल. म्हणून तेथील चूक येथे होता कामा नये.

ती चूक होऊ शकते, हे अमेरिकेतील १९७० नंतरच्या अनुभवावरून दिसते. तेथे काही राज्यांनी सिकलसेलची तपासणी सक्तीची केली. एकच जनुक असलेला निरोगी मनुष्य आणि दोन जनुके असलेला रोगी यांत कायद्यांच्या शब्दयोजनेतही गोंधळ झाला. निरोगी माणसांस नोकरी आणि विमा यांत अडचणी आल्या. १९७२ च्या केंद्रीय कायद्याने तपासणी ऐच्छिक राहावी अशी तरतूद करावी लागली.

मराठीत हा गोंधळ आणखी एका कारणाने संभवतो. ज्याच्यापाशी एकच सिकल जनुक आहे त्यास आपण 'वाहक' म्हणतो. परंतु सामान्य मराठी माणसास 'वाहक' हा शब्द दोन ठिकाणी भेटतो: एस. टी.च्या गाडीत आणि 'डास हा हिवतापाचा वाहक आहे' या आरोग्यखात्याच्या भिंतीवरील वाक्यात. दुसऱ्या अर्थाने वाहक म्हणजे रोग पसरविणारा. तेव्हा तरुण मुलीच्या पत्रकावर 'वाहक' असे लिहिलेले पाहून सोयरे बिचकले, तर दोष केवळ त्यांच्या अज्ञानाचा नाही. काही अंशी तो परिभाषेचाही आहे. सिकलसेल हा संसर्गाने पसरत नाही. विदर्भात 'ए-एस' आणि 'एस-एस' ही प्रयोगशाळेतील अक्षरे लोकांच्या तोंडी बसली आहेत. पण ती स्वतः काही सांगत नाहीत. त्यांच्या जोडीला 'एकेरी' आणि 'दुहेरी' हे शब्द वापरून पाहावेत, अशी प्रस्तुत लेखकाची सूचना आहे. दुहेरी म्हटले की दोन पदर आले, आणि दोन पदर म्हटले की एक आईकडचा व एक बापाकडचा, हे न सांगता कळते. रोगी मुलाचा बोल एकट्या सुनेस लावणे या शब्दाने अवघड होईल. पत्रकावरील शासकीय संज्ञा अर्थात तशीच राहावी. शिकविताना तिच्याजवळ हे शब्द ठेवावेत.

दुसरी अडचण संभाव्यतेची आहे. एकेरी असलेल्या दोघांच्या प्रत्येक अपत्यास दुहेरी होण्याची शक्यता चारांत एक असते. याचा अर्थ पुष्कळ जण असा घेतात की पहिले मूल रोगी झाले, आता पुढची तीन निर्धास्त. येथे फळ्यावरील कोष्टकापेक्षा योहान्सनचा घेवडा उपयोगी पडेल. दोन बटव्यांत प्रत्येकी एक लाल व एक पांढरे बी ठेवावे. प्रत्येकातून न पाहता एक काढावे, जोडी लिहून ठेवावी आणि बिया परत टाकाव्यात. वीसपंचवीस वेळा हे केल्यावर वर्गास आपोआप दिसते की बटव्यास मागील खेपेची आठवण नसते. लाल-लाल जोडी लागोपाठ दोनदा येते, किंवा दहा खेपांत एकदाही येत नाही. नशीब, प्रारब्ध यांविषयी वाद न घालताही हा मुद्दा पटतो.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. हे जनुक काही समाजांत अधिक का, हा प्रश्न वर्गात येणारच. आणि त्यास उत्तर न दिल्यास जुनी विशेषणे ते उत्तर देतील. हॉल्डेनने १९४९ मध्ये थॅलेसेमियाच्या संदर्भात सुचविलेली कल्पना अँथनी अ‍ॅलिसन याने १९५४ मध्ये आफ्रिकेतील सिकलसेलविषयी पुराव्याने मांडली: एकेरी जनुक असलेल्यांस घातक हिवतापापासून संरक्षण मिळते. हिवतापाच्या प्रदेशात ज्यांचे पूर्वज पिढ्यानपिढ्या राहिले, त्यांच्यात हे जनुक टिकले व वाढले. म्हणजे वंशातील हे लक्षण परिस्थितीनेच निवडलेले आहे. ते कोणत्याही जातीजमातीच्या कमीपणाची खूण नसून, कठीण भूमीत तगून राहिल्याचा लेख आहे. दुहेरी असलेल्याचे आयुष्यही केवळ जनुक ठरवीत नाही. शरीरातील पाणी कमी होणे, ताप, थंडी, अतिश्रम यांनी वेदनेचे झटके येतात. लसी, वेळेवर उपचार आणि हायड्रॉक्सियुरियासारखे औषध यांनी त्रास कमी होतो. ज्याच्या घराजवळ पाणी आणि दवाखाना आहे आणि ज्याच्या नाही, त्यांचे जनुक एक असले तरी जीवन एक नसते.

७. समारोप

सारांश, आनुवंशिकतेचे प्रौढशिक्षण दीडशे वर्षांच्या अनुभवाने आपणास तीन गोष्टी सांगते. भाषेतील नाव हे बीजातील घटकाचे प्रमाण नव्हे. कुटुंबात उतरणारी प्रत्येक गोष्ट जनुकांनी उतरत नाही. आणि जनुकांनी उतरणारी गोष्टही अटळ नसते. गॉल्टनच्या वहीतील 'स्वभाव' हा रकाना, कोल्ड स्प्रिंग हार्बर येथील ४५९८ हा आकडा आणि आपल्याकडील 'वाहक' हा शब्द ही एकाच रस्त्यावरील तीन स्थानके आहेत. तिसऱ्याशी थांबून विचार करण्याची संधी अजून आपणापाशी आहे.

या कार्यात भाषाविभागांचाही वाटा आहे. कोरकू, गोंडी, माडिया, भिली या भाषांत 'जनुक', 'एकेरी', 'शक्यता' यांसाठी लोक कोणते शब्द योजतात, नात्यांचे आणि वारशाचे शब्द तेथे कसे बांधलेले आहेत, याची नोंद केल्यावाचून तेथील पाठ मराठीतून उसना न्यावा लागेल आणि तो अर्धाच पोहोचेल. पदव्युत्तर विद्यार्थ्यांस प्रबंधासाठी विषय हवा असेल तर हा एक आहे. पवळ्यास ढवळ्याचा वाण लागत नाही, हे आपल्या पूर्वजांनी ओळखले होते. गुण कसा लागतो, हे शिकविण्याची जबाबदारी आपली आहे.